दोन राउटरमधल्या सिरियल लिंकचं एन्कॅप्सुलेशन कसं बदलायचं (आणि पीथमपूरची चक्कर कशी वाचवायची)

परवा रात्री भाच्याचा फोन, म्हणे मामा, केबल घट्ट आहे, आयपी चारदा तपासला, इंटरफेस अप दिसतोय पण पिंग काही जात नाही. मी म्हटलं एन्कॅप्सुलेशन एका टोकाला एचडीएलसी आणि दुसऱ्याला पीपीपी तर नाही ना ठेवलंस? जरा वेळ शांतता, मग हळूच "हो की". तो इंदूरच्या जेल रोडवरनं सिस्कोचे दोन जुने १८४१ राउटर आणि सिरियल कार्डं घेऊन आलाय आणि रामबागेतल्या घरात टेबलावर मांडून शिकतोय. मित्र त्याला सांगतात की २०२० पासूनच्या सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेत हा भागच नाही मग कशाला, पण फॅक्टऱ्यांमध्ये जुन्या लीज्ड लाइनवर, म्हणजे कायमच्या भाड्याने घेतलेल्या लाइनवर, चाललेले राउटर मी अजून पाहतो आणि ते बंद पडले की "सिलॅबसमध्ये नव्हतं" सांगून चालत नाही. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. कमांड देवनागरीत लिहिल्यात, राउटरवर अर्थातच इंग्रजीत टाइप करा. हे सगळं सिस्कोच्या आयओएसबद्दल, म्हणजे सिस्को राउटरच्या आत चालणाऱ्या सिस्टिमबद्दल आहे.

आधी एन्कॅप्सुलेशन म्हणजे काय ते एका दमात. सिरियल तारेवरून नुसते बिट्स वाहतात, त्यात चिठ्ठी कुठे सुरू झाली, कुठे संपली आणि आत आयपी आहे की आणखी काही, हे कळायला वरून एक वेष्टन लागतं आणि ते दोन्ही टोकांना एकच पाहिजे. आपल्याकडे होळकरांच्या काळातले मोडी कागद घरात सापडतात ना, अक्षर सुंदर, मजकूर मराठीच, पण ज्याला फक्त बाळबोध येतं त्याच्या हातात ते निव्वळ रेघोट्या. तसंच हे. तार चांगली, बिट्स पोचतायत, पण समोरच्याला लिपी येत नाही.

सिस्को राउटरच्या सिरियल पोर्टवर काहीच लिहिलं नाही तर एचडीएलसी चालू असतं, आणि ते डिफॉल्ट असल्यामुळे शो रन (चालू कॉन्फिग दाखवणारी कमांड) मध्ये दिसतच नाही. इंटरफेसखाली एन्कॅप्सुलेशनची ओळ नसेल तर एचडीएलसी समजा, नवी मुलं इथेच फसतात. दुसरं म्हणजे हे एचडीएलसी सिस्कोचं स्वतःचं आहे, मूळच्या प्रमाणित एचडीएलसीत आत कुठला प्रोटोकॉल आहे हे सांगणारा रकाना नव्हता, सिस्कोने तो घातला. म्हणून समोर दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर डोकं न लावता पीपीपी वापरा, ते सगळ्यांचं आहे, आरएफसी १६६१ या इंटरनेटच्या जाहीर नियम-कागदात लिहिलेलं, १९९४ सालचं. शिवाय पीपीपीत समोरच्याची ओळख तपासता येते, एचडीएलसीत ती सोय नाही.

आता कामाला लागू. टेबलावर दोन राउटर असतील तर मध्ये मोडेम नसतो, मग क्लॉक, म्हणजे बिट्सचा ताल, कोणी द्यायचा? केबलच्या ज्या टोकावर डीसीई लिहिलंय त्या बाजूच्या राउटरने. लेबल उडालं असेल तर राउटरलाच विचारा:

शो कंट्रोलर्स सिरियल ०/०/०

यात पहिल्या काही ओळींत डीसीई (ताल देणारा) की डीटीई (ताल घेणारा) ते येतं. जो डीसीई, त्याच्यावरच क्लॉक रेट. खऱ्या लीज्ड लाइनवर क्लॉक मोडेमकडून येतो, तिथे आपले दोन्ही राउटर डीटीई, तिथे क्लॉक रेटच्या भानगडीत पडू नका. पोर्टचा नंबरही तुमच्या मॉडेलप्रमाणे असेल, जुन्या २६०० वर ०/० असा दोनच आकडी येतो, शो आयपी इंटरफेस ब्रीफ करून बघून घ्या.

समजा एका राउटरचं नाव इंदूर, दुसऱ्याचं पीथमपूर, आणि डीसीई टोक इंदूरकडे. होस्टनेम आत्ताच नीट देऊन टाका, पुढे त्याच नावावर सगळं अडणार आहे.

इंदूर वर:
होस्टनेम इंदूर
इंटरफेस सिरियल ०/०/०
आयपी अ‍ॅड्रेस १०.१०.१०.१ २५५.२५५.२५५.२५२
क्लॉक रेट ६४०००
नो शटडाउन

पीथमपूर वर तसंच, फक्त होस्टनेम पीथमपूर, आयपी १०.१०.१०.२ आणि क्लॉक रेटची ओळ नाही. दोनच टोकं आहेत म्हणून शेवटी २५२ वाला मास्क, त्यात वापरायला दोनच अ‍ॅड्रेस मिळतात, बरोब्बर पुरतात. लोक इथे बँडविड्थची कमांडही ठोकतात आणि लाइनचा स्पीड वाढला असं समजतात. तसं काही होत नाही, तो आकडा फक्त ओएसपीएफ किंवा ईआयजीआरपी या रूटिंग प्रोटोकॉलना रस्ता निवडताना सांगायला असतो. डिफॉल्ट १५४४ किलोबिट धरतो, आपल्याकडची ई१ लाइन २०४८ ची, तेव्हा रूटिंग प्रोटोकॉल चालवत असाल तर बदला, नाहीतर राहू द्या.

इथे थांबा आणि पिंग करा. एचडीएलसीवर पिंग गेल्याशिवाय पीपीपीला हात लावायचा नाही हा माझ्या घरचा नियम आहे, कारण नंतर बिघडलं तर केबल, क्लॉक आणि आयपी या तिघांवर संशय घ्यायचं कारण उरत नाही.

पिंग गेलं की दोन्हीकडे इंटरफेसमध्ये जाऊन फक्त एवढंच:

एन्कॅप्सुलेशन पीपीपी

एका बाजूला टाकलं की लिंक पडेल, दुसऱ्या बाजूला टाकलं की उठेल, घाबरू नका. आयपी अ‍ॅड्रेस जागच्या जागी राहतो. मग शो इंटरफेसेस सिरियल ०/०/० मध्ये एन्कॅप्सुलेशन पीपीपी, एलसीपी ओपन, आणि पुढे ओपन च्या यादीत आयपीसीपी दिसलं पाहिजे. एलसीपी म्हणजे लिंकची बोलणी, आयपीसीपी म्हणजे आयपीची बोलणी. पहिली झाली आणि दुसरी नाही झाली तर बहुतेक कुठल्यातरी टोकाला आयपी टाकायचा राहिलाय.

आता ओळख तपासणी. पॅप आणि चॅप असे दोन प्रकार, पॅपमध्ये पासवर्ड तारेवरून उघडानागडा जातो म्हणून नाइलाज असेल तरच. चॅपमध्ये एक राउटर कोडं पाठवतो, दुसरा पासवर्ड मिसळून एमडी५ या उलटं न फिरवता येणाऱ्या गणिताने त्याचं उत्तर काढून परत देतो, पासवर्ड स्वतः घराबाहेर पडत नाही. (चॅपचा आरएफसी नंबर १९९४ आहे आणि तो निघाला १९९६ मध्ये, इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांनो, गोंधळू नका.)

चॅपची सगळी गंमत एका ओळीत आहे. यूजरनेम मध्ये समोरच्याचं नाव लिहायचं, आपलं नाही.

इंदूर वर: यूजरनेम पीथमपूर पासवर्ड सराफा१२
पीथमपूर वर: यूजरनेम इंदूर पासवर्ड सराफा१२

नावं वेगळी, पासवर्ड दोन्हीकडे हुबेहूब तोच. अक्षर लहान-मोठं सुद्धा तेच पाहिजे, होस्टनेममध्ये पहिलं अक्षर कॅपिटल आणि यूजरनेममध्ये स्मॉल असेल तर झालंच. पासवर्डच्या मागेपुढे चुकून स्पेस पडली तरी रात्र जाते. आणि इथे पासवर्ड हाच शब्द वापरा, सिक्रेट नको, कारण चॅपला उत्तर काढायला मूळ शब्द हातात लागतो आणि एमडी५ सिक्रेट उलटं फिरवता येत नाही. मग इंटरफेसमध्ये:

पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप

हे झालं टेबलावरचं, दोन्ही राउटर हाताशी असताना. खरी परीक्षा दुसरा राउटर पंचवीस-तीस किलोमीटरवर असतो तेव्हा.

पीथमपूरच्या एका फॅक्टरीची लिंक होती, इंदूरचं ऑफिस इकडे, मी ऑफिसातनं टेलनेट करून, म्हणजे लांबूनच लॉगिन करून, पलीकडच्या राउटरवर गेलो आणि एका दमात यूजरनेम, एन्कॅप्सुलेशन, चॅप सगळं नोटपॅडमधनं पेस्ट केलं, शेवटी कॉन्फिग सेव्ह करायची ओळ पण त्यातच. सेशन लटकला, म्हटलं ठीक, अपेक्षितच आहे. इकडे बदललं. लिंक उठेना. नंतर लक्षात आलं की पलीकडे पेस्ट केलेल्या यूजरनेममध्ये त्या राउटरचं स्वतःचंच नाव होतं, आणि ते सेव्ह झालेलं, म्हणजे कुणाला तरी फोन करून राउटरचं बटण बंद-चालू करायला लावायची सोय पण माझी मीच घालवली. दुपारच्या उन्हात स्कूटर, गेटवर सिक्युरिटीची वही, लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून द्या म्हणे, आणि आत जाऊन बदलला तो एक शब्द.

तेव्हापासून माझा क्रम असा. आधी दोन्ही राउटरवर नुसतं यूजरनेम टाकून सेव्ह करून घ्यायचं, त्याने चालू लिंकला काही होत नाही. मग लांबच्या राउटरवर:

रीलोड इन १०

म्हणजे दहा मिनिटांत मी परत येऊन थांबवलं नाही तर राउटर आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर जाईल. ही कमांड बदल करायच्या आधी द्यायची. त्याने सेव्ह करू का विचारलं तर नो. आता लांबच्यावर एन्कॅप्सुलेशन पीपीपी, सेशन लटकेल, ती खिडकी बंद करा, जवळच्यावर एन्कॅप्सुलेशन पीपीपी. लिंक उठली की परत टेलनेट करून पलीकडे रीलोड कॅन्सल आणि मगच सेव्ह. कॅन्सल विसरलात तर चालू शिफ्टमध्ये राउटर रीस्टार्ट होईल आणि फोन कुणाला येईल ते सांगायला नको.

जवळचं आधी बदललं तर काय? लिंक पडेल, पण राउटर हातात आहे, एन्कॅप्सुलेशन एचडीएलसी टाकलं की पूर्ववत. फक्त पलीकडे जायचा रस्ता तुम्हीच तोडलेला असतो म्हणून काम पुढे सरकत नाही.

चॅपचं मात्र उलटं, ते आधी फक्त जवळच्या टोकाला चालू करायचं आणि तिथेच शटडाउन, नो शटडाउन करायचं. आता जवळचा राउटर कोडं टाकणार, लांबचा उत्तर देताना आपल्या यादीत जवळच्याचं नाव शोधणार, आणि जवळचा ते उत्तर तपासताना आपल्या यादीत लांबच्याचं नाव शोधणार, म्हणजे एकाच फटक्यात दोन्हीकडची यूजरनेम आणि पासवर्ड तपासून होतात. चुकलं तर जवळची एक ओळ काढली की लिंक परत. बरोबर निघालं तरच लांबच्या टोकाला चॅप चालू करायचं. माझ्या त्या दिवशीच्या पेस्टमध्ये एवढं एक केलं असतं तर स्कूटरचं पेट्रोल वाचलं असतं.

बिघाड वाचायचा कसा ते थोडक्यात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन दिसलं तर तुम्ही नो शटडाउन विसरलात. इंटरफेस डाउन, लाइन प्रोटोकॉल पण डाउन, तर केबल, मोडेम किंवा समोरचा बंद. इंटरफेस अप पण लाइन प्रोटोकॉल डाउन, हाच आपला आजचा विषय: एन्कॅप्सुलेशन जुळत नाही, चॅप नापास, किंवा क्लॉक नाही. यात एक खोच आहे, नुकतंच एन्कॅप्सुलेशन बदललं असेल तर एचडीएलसीवाली बाजू लगेच पडत नाही, दर १० सेकंदांनी किपअलाइव्ह ('मी आहे' सांगणारा छोटा निरोप) जातो आणि तीन चुकले की मगच ती लाइन डाउन म्हणते, तेव्हा अर्धा मिनिट धीर धरा. आणि कुणी नो किपअलाइव्ह करून ठेवलं असेल तर एचडीएलसी खुशाल अप अप दाखवत राहतं, पलीकडे काहीही चालू असो.

चॅपचा संशय असेल तर डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन. टेलनेटवर असाल तर आधी टर्मिनल मॉनिटर, नाहीतर काहीच दिसणार नाही. त्यात ओ म्हणजे इकडून बाहेर गेलं, आय म्हणजे आत आलं. चॅलेंज, रिस्पॉन्स, सक्सेस अशा तीन पायऱ्या दिसल्या की झालं. तिसऱ्या जागी फेल्युअर आलं आणि सोबत कम्पेअर फेल्ड असेल तर पासवर्ड वेगळा, यूजरनेम सापडलं नाही म्हणत असेल तर नावाची गडबड. बघून झालं की अनडीबग ऑल.

भाच्याने रविवारी पोह्यांवर जिरावण भुरभुरता भुरभुरता आणखी एक विचारलं, एका टोकाला त्याने चुकून १०.१०.२०.२ दिलेला, सबनेटच वेगळा, तरी पीपीपीवर पिंग जात होतं, एचडीएलसीवर जात नव्हतं. त्याला वाटलं राउटर बिघडलाय. राउटर ठीक आहे. पीपीपीत आयपीसीपीच्या बोलण्यात समोरचा आपला अ‍ॅड्रेस सांगतो आणि सिस्को तेवढ्या एका अ‍ॅड्रेसचा ३२ वाला रूट आपणहून टेबलात टाकतो. शो आयपी रूट केलं तर दिसेल. म्हणून पीपीपीवर पिंग गेलं तरी अ‍ॅड्रेस बरोबर आहेत असं धरून चालू नका, पुढे रूटिंग प्रोटोकॉल लावायला जाल तेव्हा तीच चूक त्रास देईल. तो रूट नकोच असेल तर इंटरफेसमध्ये नो पीअर नेबर-रूट टाकून लिंक एकदा खाली-वर करा, चूक लगेच उघडी पडते.