कापूस चांगला, तरी भाव कमी? वेचणीपासून काट्यापर्यंत या चुका टाळा

दसरा झाला की मालेगाव, नांदगाव, येवला पट्ट्यातल्या कापसाच्या गाड्या जिनिंगकडे, म्हणजे कापसातली सरकी (बी) काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याकडे, वळतात. त्या गाड्या उतरताना मी रोज बघतो. शेतात पांढराशुभ्र असलेला कापूस वजनकाट्यावर येईपर्यंत एक प्रत खाली उतरलेला असतो. काही वेळा पावसाने मारलेलं असतं, पण बऱ्याचदा नुकसान आपल्याच हातून झालेलं असतं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे खताच्या रिकाम्या गोण्या. गोणीत कापूस पायाने दाबून भरला की तिच्या कडेचे धागे सुटून कापसात मिसळतात. जिनिंगमध्ये बाया ढिगाजवळ बसून ते धागे, केस, सुतळीचे तुकडे एकेक करून काढतात. बोटभर पिवळा धागा, आणि समोर घराएवढा ढीग! नजरेतून सुटलेला धागा रुईत जातो, तिथून सुतात आणि मग मागावर. सुती कापडाचा रंग प्लास्टिकला चढत नाही, त्यामुळे कापड गडद रंगवलं की ती रेघ उघडी पडते आणि तागा कमी दराने जातो. म्हणून ओटी (वेचताना कमरेला बांधायची झोळी) सुती कापडाची हवी, गाठोडी बांधायला जुन्या चादरी हव्यात आणि वेचणाऱ्यांच्या डोक्याला रुमाल हवा.

दुसरी चूक ओलीची. भल्या सकाळी वेचलेला कापूस दवाने जड असतो. मजुरी किलोवर, म्हणजे दवाच्या पाण्याचीही मजुरी आपणच देतो. दव उडाल्यावर सुरुवात करा आणि खालच्या बोंडांपासून वर जा, म्हणजे वरचा पाला खालच्या फुटलेल्या कापसावर पडत नाही. भर दुपारी पानं कुरकुरीत होऊन त्यांचा चुरा कापसात बसतो, तेव्हा हात आवरा.

भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे टक्क्याला टक्का कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. 12 टक्के ओलीला त्यातले सव्वातीनशे रुपये गेले. घरी ओलावा मोजायचं यंत्र नसलं तरी सरकीचा दाणा दाताखाली धरून बघा. कट् असा आवाज आला तर कापूस वाळलाय, दाणा नुसता दबला तर अजून ऊन द्या.

वजन वाढावं म्हणून कोणी पाणी मारत असेल, तर कृपा करून थांबा. अशा ढिगात कोपरापर्यंत हात घातला की आत ऊब लागते. रुई पिवळी पडते, सरकीही बिघडते. एका क्विंटल कापसातून रुई साधारण 33 ते 35 किलोच निघते. बाकी बहुतेक सरकी असते, आणि तिच्या तेला-पेंडीचे पैसेही आपल्या भावात धरलेले असतात.

आमच्या घरी एका वर्षी जागा नव्हती म्हणून पहिल्या वेचणीचा कापूस तिसऱ्या वेचणीच्या कवडी, म्हणजे नीट न फुटलेल्या पिवळट, कापसावरच ओतला. भाव सगळ्या ढिगाला कवडीचा लागला. आईने तो कापूस उन्हातान्हात वेचला होता. काट्याजवळ तिचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून प्रत्येक वेचणीचा ढीग वेगळा ठेवतो, किडका कापूस तर वेगळ्या ओटीतच.

गाठोड्यात खडा, खिळा राहू देऊ नका. यंत्रात ठिणगी उडाली की रुई क्षणात पेट घेते.

सरकारी केंद्रावर जायचं असेल तर ई-पीक पाहणीत कापसाची नोंद आणि कपास किसान ॲपवरची नोंदणी वेळेत करा. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतो तेव्हा, तो कितीही ओळखीचा असो, आधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघा आणि वजन-दराची पावती घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.

शेवटचं फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखण्याचं. चार पैसे जास्त मिळतील म्हणून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पीक उभं ठेवलं की गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं. तिचे पतंग जिनिंगमधल्या कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या) सकाळी पडलेले दिसतात. डिसेंबरअखेर रान मोकळं करा आणि पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) बांधावर रचून ठेवू नका. वाळक्या बोंडांत अळी तशीच दडून राहते.