ग्रुपच्या जागेवरून सामान परत जायचं कसं थांबलं

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात मी आणि मैत्रिणीने मिळून १०२४ चौरस मीटर जागा घेतली, आमच्या ग्रुपला डीड केली, म्हणजे ग्रुपच्या मालकीची केली, आणि घर मांडलं. पण तिने ठेवलेला सोफा थोड्या वेळात गायब! सापडायचा तिच्याच इन्व्हेंटरीत (आपल्या सामानाच्या साठ्यात), 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डरमध्ये. जागेवर ऑटो-रिटर्न चालू होतं. ज्या वस्तूवर ग्रुप लावलेला नाही, ती ठरलेल्या मिनिटांनी मालकाकडे परत जाते.

ऑटो-रिटर्न बंद करता आलं असतं, पण मग बाहेरच्यांनी टाकलेला पसारा आपणच आवरत बसायचा. त्यापेक्षा तिने सोफा एडिटमध्ये उघडून जनरल टॅबमध्ये आमचा ग्रुप लावला. नवं सामान मांडण्याआधी ग्रुपचा टॅग चढवला, म्हणजे आपल्या नावासोबत तो ग्रुप चालू केला, की हेही करावं लागत नाही. तिथेच 'शेअर'वर टिक केल्याने मलाही सोफा हलवता येऊ लागला. (तो कुठे ठेवायचा, यावर वाद चालूच आहे.)

टीव्ही मात्र अडून बसला. जमीन ग्रुपची, म्हणून त्याला जागेचा मीडिया (तिथे दिसणारा व्हिडिओ) बदलता येईना. ग्रुपला डीड केल्यावर चालला. ट्रान्सफरची (दुसऱ्याला देण्याची) परवानगी नसलेली वस्तू डीड होत नाही, तेव्हा टीव्ही घेतानाच ते बघून घ्या.