पुण्याच्या पेठांमधला एक दिवस: शनिवारवाडा ते तिसरी घंटा

सुरुवात संध्याकाळपासून करा, म्हणजे नाटकाचे तिकीट आधी काढा. बालगंधर्व रंगमंदिरातले प्रयोग साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊला असतात. चांगल्या नाटकाच्या पुढच्या रांगा लवकर भरतात. ऐन वेळी गेलात तर मागची खुर्ची मिळते आणि तिथून नटाचा चेहरा नीट दिसत नाही. पाच-साडेपाचचा प्रयोग धरून दिवस आखलेला सर्वांत सोयीचा.

फिरायचे ते पायीच. पेठांमध्ये गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते. मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा आणि आठ वाजता, दार उघडताच शनिवारवाड्यात शिरा. दहानंतर ऊन चढते आणि आत सावली फार थोडी. 1828 च्या आगीत आतले महाल जळाले, त्यामुळे आत उरली आहेत ती मुख्यतः जोती. म्हणून घाईने आत पळू नका, आधी दिल्ली दरवाजापाशी थांबा. दारावरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकले आहेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. उजव्या फळीतली दिंडी, म्हणजे दारातले छोटे दार, इतकी लहान की एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येईल. तटाची सगळी युक्ती या एका दारात कळते. मग नगारखान्यावर चढा आणि सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे पाहा.

भूक लागली की मुंजाबाच्या बोळातली बेडेकर मिसळ. इथे पावाऐवजी स्लाइस ब्रेड मिळतो आणि चवीला गोडसर झाक असते. झणझणीत कोल्हापुरी रश्श्याची अपेक्षा ठेवून आलात तर निराश व्हाल. रविवारी उशिरा गेलात तर रांग ठरलेलीच.

पुढे विश्रामबागवाड्याची लाकडी कोरीव दर्शनी बाजू, तुळशीबाग, आणि दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालय. दुपारी बरीच जुनी दुकाने बंद असतात, त्यामुळे ही वेळ संग्रहालयाला द्यावी. दिवे, अडकित्ते आणि वाद्ये सावकाश पाहायची तर दीड तास हवा. बाहेर पडल्यावर निंबाळकर तालीम चौकात सुजाताची मस्तानी घ्या. घट्ट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा असल्याने तिच्यासोबत पूर्ण जेवण झेपत नाही, दोन्हींपैकी एकच निवडा.

मग झेड पुलावरून मुठा नदी ओलांडून जंगली महाराज रस्त्याला लागा, बालगंधर्व याच रस्त्यावर आहे. पावसाळ्यात भिडे पुलाचा विचार सोडून द्या: खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ताही बंद होतो.

वेळ उरला तर बालगंधर्ववरून थोडे पुढे पाताळेश्वर आहे. आठव्या शतकातले हे लेणे एकाच कातळातून वरून खाली खोदत नेले आहे. अंगणातला गोल नंदीमंडप जरूर पाहा, छत्रीसारखे छप्पर आणि खांब सगळे त्याच दगडाचे.

प्रयोगाच्या वीस मिनिटे आधी नाट्यगृहात पोहोचा. तिसरी घंटा झाली की अंधारात खुर्ची शोधताना सगळ्या रांगेला उठवावे लागते. साडेनऊचा प्रयोग घेतला असेल तर घरी जायची सोय आधीच करून ठेवा, नाटक सुटते तेव्हा मेट्रो बंद झालेली असते.