बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर: जागा कशी निवडावी, कसं बसावं

वैशाखात जंगलातले बहुतेक नाले आटतात. उरलेल्या पाणवठ्यांवर जनावरांची ये-जा वाढते आणि वर पौर्णिमेचं चांदणं असतं. म्हणून मेळघाट, ताडोबा, नागझिऱ्यासारख्या जंगलांत वनविभाग बुद्धपौर्णिमेला हौशी निसर्गप्रेमींना पाण्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद करायला मचाणावर बसू देतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकाऱ्यांचं मचाण संपलं, पण त्यांना वारा, उजेड आणि दोर यांचं जे भान ठेवावं लागायचं, ते आपल्यालाही सुटलेलं नाही.

नावनोंदणी वनविभागाकडेच करा. जंगलात स्वतःच मचाण बांधून बसणं हा गुन्हा आहे.

जागा

मचाण बहुधा वनविभागच ठरवून देतो, काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकतात. निवडायची संधी मिळालीच तर पाणवठ्याच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड असलेलं मचाण मागा. उन्हाळ्यातली पौर्णिमा आकाशात दक्षिणेकडे झुकलेली असते. चंद्र पाठीशी राहतो, उजेड जनावराच्या अंगावर पडतो आणि आपण झाडाच्या सावलीत.

वाऱ्याचं गणित जरा किचकट आहे. दिवसा तापलेली हवा उतारावरून वर चढते. सूर्य मावळला की गार हवा नाल्यानाल्याने खाली घसरते. म्हणजे पाणवठ्याच्या वरच्या अंगाला बसलात, तर रात्रभर तुमचा वास थेट पाण्यावर. सांबराला एवढं पुरतं. ते पाय आपटून, ओरडून सगळं जंगल जागं करतं. चिमूटभर राख हवेत सोडली की वारा कुठे वाहतोय ते लगेच कळतं.

चढण्याआधी

वाघाची भीती सगळ्यांना असते, शिडीची कुणालाच नसते. आधी बांबू पाहा. पेराजवळ बारीक भोकं आणि खाली पिठासारखा पिवळसर भुगा दिसला, तर बांबू आतून पोखरलेला आहे. गाठी हाताने ओढून बघा. गेल्या वर्षीची सुतळी पावसात कुजलेली असते. झाड मोह, अर्जुन, बेहड्यासारखं दणकट हवं, पांगाऱ्यासारखं मऊ नको. मग मान वर करून फांद्या न्याहाळा. आग्या मोहोळ दिसलं तर मचाण बदलून मागा, भीड धरू नका. अत्तर आणि विडी-सिगारेट तर तशीही बंदच.

चढताना दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम शिडीवर टेकलेले हवेत. सॅक पाठीवर घेऊ नका, वर पोचल्यावर दोराने ओढून घ्या.

दोर

पहाटे तीनच्या सुमारास डुलकी येतेच, आणि मचाणाला कठडा असेलच असं नाही. कमरेला नुसता दोर बांधून झोपणं धोक्याचं: पडलात तर तो छातीवर सरकतो आणि श्वास कोंडतो. ट्रेकिंगवाल्या मित्राकडून पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, मागून घ्या. त्याचा दोर डोक्याच्या वरच्या बाजूला खोडाला बांधा, ढिला सोडू नका. लोंबकळायची वेळ आलीच तर पाय हलवत राहा, नाहीतर रक्त पायांत साचतं. दोघं असाल तर पाळीपाळीने जागा.

बसल्यावर

कपडे मातकट किंवा हिरवट. निळा रंग टाळा, हरणांच्या डोळ्यांना तो ठळक दिसतो. लाल मात्र फारसा कळत नाही. विदर्भातली दुपार लक्षात घेऊन माणशी चार लिटर तरी पाणी न्या. पोळी, गूळ, शेंगदाणे चालतील. प्लास्टिकच्या पिशवीतला चिवडा नको, त्या खसखसाटाने चितळं पाण्यावर यायचीच नाहीत! लघवीची सोय काय, हे लाज न बाळगता आधी विचारून घ्या. अंधार पडल्यावर खाली उतरायचं नाही. अस्वलं जास्त करून रात्री फिरतात आणि झाडावरही चढतात.

अपवाद एकच, वळिवाचा. विजा कडाडायला लागल्या तर झाडावर थांबू नका. सोबतच्या वनरक्षकाला सांगा, त्याला गाडी मागवू द्या आणि बंद गाडीत जाऊन बसा.

नोंद करताना वेळ, प्राणी, नर-मादी-पिल्लू आणि आल्या-गेल्याची दिशा लिहा. तुटकं शिंग, फाटका कान टिपलात तर तेच जनावर दोनदा मोजलं जात नाही. वाघांचा अधिकृत अंदाज आता कॅमेरा ट्रॅपवरून, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवरून निघतो, त्यामुळे आकडा फुगवायचं काही कारण नाही. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या.

सकाळी गाडी आल्यावरच उतरा. आधी सॅक खाली सोडा, बुंध्याशी टॉर्च मारून विंचू-साप नाही ना ते बघा, मग शिडीकडे तोंड करून एकेक पायरी.