टोकियोतली सहा जोची खोली: सामान घेण्याआधी हे वाचा

एकट्यानं टोकियोत येणाऱ्याला पहिलं घर बहुतेक वेळा 'वन-के' मिळतं. एक खोली, दारापलीकडे बोळासारखं स्वयंपाकघर, तिथेच न्हाणीघर, सगळं मिळून २० ते २५ चौरस मीटर. जाहिरातीत खोलीचं माप 'सहा जो' असं लिहिलेलं असतं. एक जो म्हणजे किमान १.६२ चौरस मीटर, तेव्हा राहायची खोली साधारण ९.७ चौरस मीटर. एवढ्यात नीट राहता येतं, पण दोन गोष्टी पाळाव्या लागतात: हवा कुठेही कोंडू द्यायची नाही आणि भिंतीला भोक पाडायचं नाही. पुढचं सगळं याच दोन गोष्टींवर उभं आहे.

पहिले दोन आठवडे मोठं सामान घेऊ नका. लगेच लागतात त्या वस्तू तीनच: पडदे, छताचा दिवा आणि अंथरूण. बऱ्याच भाड्याच्या घरांत पडदा आणि दिवा नसतो, कधी शेगडीही नसते. तयार पडदे १०० सेंटिमीटर रुंद आणि १३५, १७८ किंवा २०० लांब अशा मापांत मिळतात, म्हणून रॉडच्या कडीपासून खालपर्यंत मोजूनच दुकानात जा. बाकी मापंही त्याच दिवशी घ्या: बाहेरच्या दाराची रुंदी, बोळाची सगळ्यांत अरुंद जागा, लिफ्ट, कपाट आत किती खोल आहे ते, आणि कुठलं दार किती उघडतं. फ्रिज ठेवायच्या कोपऱ्यात त्याचं दार कोणत्या बाजूनं उघडायला हवं हेही आधीच ठरवा.

झोपायची जागा

सिंगल पलंगाची गादी ९७ × १९५ सेंटिमीटर असते. म्हणजे सहा जोच्या खोलीचा पाचवा हिस्सा कायमचा गेला. खाली ड्रॉवर असलेला पलंग सोयीचा वाटतो, पण ड्रॉवर ओढायला समोर ५०-६० सेंटिमीटर मोकळी जमीन लागते. ती जागा कोणी धरत नाही आणि मग टेबल आणल्यावर ड्रॉवर उघडतच नाहीत. उंच पाइपचा पलंग, खाली टेबल, ही रचना छत २४० सेंटिमीटरचं असेल तरच विचारात घ्या. वर बसल्यावर डोकं आपटतं का, हे गादीची जाडी धरून मोजा. उन्हाळ्यात गरम हवा वर साठते, एसीचा गारवा खाली राहतो. घरातच बांधलेल्या माळ्याचीही, ज्याला इथे 'लॉफ्टो' म्हणतात, हीच अडचण. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे झोपवत नाही. तिथे बॅगा आणि हिवाळ्याचे कपडे ठेवावेत.

मांडी घालून जमिनीवर बसायची ज्याला सवय आहे त्याच्यासाठी फुतोन, म्हणजे जमिनीवर अंथरायची घडीची जपानी गादी, हा माझ्या मते सगळ्यांत चांगला मार्ग. सकाळी गादी गुंडाळून ठेवायची पद्धत आपल्याकडच्या चाळींतही होतीच. मात्र फुतोन थेट लाकडी फरशीवर घालून दिवसरात्र तसाच ठेवला, तर रात्रभरचा घाम खालच्या थंड फरशीवर ओल होऊन बसतो आणि काही आठवड्यांत खालच्या बाजूला काळे ठिपके दिसू लागतात. ती बुरशी. धुऊन जात नाही. यावर उपाय म्हणजे 'सुनोको', लाकडी पट्ट्यांची घडीची चौकट. ती फुतोनखाली घाला आणि सकाळी मधोमध उभी करा, म्हणजे फुतोन तिच्यावरच वाळतो.

घरात 'ओशिइरे' हे जुन्या पद्धतीचं कपाट असेल तर नशीब समजा. ८०-९० सेंटिमीटर खोल, मध्ये फळी, तीन घड्यांचा फुतोन आरामात मावतो. खालच्या कप्प्यात चाकांचे खोके ठेवा, नाहीतर मागच्या अर्ध्या भागातल्या वस्तू पुन्हा हाती लागत नाहीत. भिंतीला चिकटून काही ठेवू नका, पाच सेंटिमीटर फट सोडा. नव्या घरांतलं कपाट ५०-६० सेंटिमीटरच खोल असतं. त्यात फुतोन बसत नाही.

भिंत आणि छत

घर सोडताना ते मूळ स्थितीत परत करायची जबाबदारी भाडेकरूची असते. याला 'गेंजो-काइफुकु' म्हणतात आणि हिशेब 'शिकिकिन' या अनामतीतून होतो. जपानच्या भूमी मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कॅलेंडरच्या टाचणीची भोकं सामान्य वापरात मोडतात, खिळ्याची आणि स्क्रूची मात्र भाडेकरूच्या खात्यावर जातात. करारात वेगळी अट असेल तर तीही बघून घ्या. कपाटं आणि फळ्या लावायच्या त्या याच मर्यादेत.

'त्सुप्पारी-बो', म्हणजे दोन भिंतींत ताणून बसवायचा दांडा, शंभर येनच्या दुकानातही मिळतो. तो पडतो त्याची दोन कारणं. एक, भिंत जिप्समच्या पातळ फळीची असते आणि आत लाकडी आधार नसेल तिथे ती दबते. ठोकून बघा, पोकळ आवाज येतो ती जागा टाळा. दुसरं, दांडा जितका लांब ओढाल तितकी त्याची वजन पेलण्याची ताकद घटते. पुठ्ठ्यावरचा वजनाचा मोठा आकडा सगळ्यांत आखूड लांबीचा असतो.

जास्त वजनासाठी छत आणि जमिनीत लाकडी खांब ताणा. होम सेंटर, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात 'टू-बाय-फोर' लाकूड मिळतं, प्रत्यक्षात ३८ × ८९ मिलिमीटर, आणि ते तिथेच कापूनही देतात. त्याच्या टोकांना बसवायच्या टोप्यांत 'लाब्रिको' या नावाची घेतलीत तर छताच्या उंचीपेक्षा ९५ मिलिमीटर कमी कापा. 'डियावॉल' नावाच्या टोपीला ४५ कमी. जिथे खांब उभा राहणार तिथलीच उंची मोजा, एकाच खोलीत काही मिलिमीटरचा फरक निघतो. दोन खांबांमध्ये फळ्या लावल्या की स्क्रू सगळे तुमच्या लाकडात जातात, भिंतीत एकही नाही. महिन्याभरानं ताण पुन्हा तपासा, लाकूड आकसतं.

जड वस्तू कमरेच्या खाली ठेवा. भूकंपात वरचं आधी खाली येतं. उंच कपाट उशाशी किंवा दाराच्या वाटेवर नको. स्क्रू चालत नसेल तर छताशी ताणायचा दांडा आणि पुढच्या पायाखाली पाचर, दोन्ही मिळून लावा.

स्वयंपाकघर

ओटा नावापुरता असतो, बहुधा एकच शेगडी. सिंकवर आडवी बसणारी चिरायची फळी घेतली की ओटा तयार झाला. पोळ्या लाटायला मात्र घडीचं बुटकं टेबल आणि खाली बैठक हेच सोपं पडतं. लहान फ्रिजचा माथा बहुधा उष्णता सोसणारा असतो, तसं माहितीपुस्तिकेत लिहिलं असेल तर मायक्रोवेव्ह त्यावर ठेवा. फ्रिजच्या लोखंडी बाजूला चुंबकाचे रॅक लावून मसाले, सांडशी, झारे तिथे टांगा. कणकेचं उघडलेलं पाकीट फ्रिजमध्येच राहू द्या, पावसाळी हवेत त्यात बारीक किडे होतात.

शेगडी आयएच (इंडक्शनची) असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणार नाही, सपाट बुडाचा इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर आणा. गॅसची शेगडी विकत घेताना इमारतीत शहरी (पाइपचा) गॅस आहे की एलपी (सिलिंडरचा), ते विचारून घ्या. चुकीची जोडणी धोक्याची आहे. मागच्या भिंतीला सहज निघणारा तेलरोधक कागद लावा आणि फोडणी देण्याआधी पंखा सुरू करा. साफसफाई न केल्यानं साचलेली चिकट काजळी भाडेकरूच्या खात्यावर धरली जाते, आणि हळदीचा डाग पांढऱ्या वॉलपेपरवरून निघत नाही.

भारतातला मिक्सर आणू नका. इथे वीज १०० व्होल्टची, त्यामुळे जड ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो जागा खातो. लहान घरांत ३० अँपिअरची जोडणी असली तर एका वेळी ३,००० वॅटच चालतात: मायक्रोवेव्ह, किटली आणि एसी एकत्र लावले की अंधार.

कपडे धुण्याच्या यंत्राखालचा ट्रे बहुधा ६४ सेंटिमीटर चौरस असतो. यंत्रावरची उभी जागा रॅकसाठी वापरा, नळ आणि झाकण उघडायची उंची सोडून.

हवा आणि गॅलरी

२००३ नंतर बांधलेल्या घरांत चोवीस तास चालणारा वायुवीजनाचा पंखा असतो. आवाज होतो म्हणून तो बंद करू नका, भिंतीतल्या त्याच्या झडपेसमोर कपाट लावू नका. जून-जुलैच्या पावसात एसी 'जोशित्सु'वर, म्हणजे हवेतला दमटपणा काढण्याच्या सेटिंगवर ठेवा. हिवाळ्यात काचेवर जमलेलं पाणी सकाळी पुसा.

गॅलरीला आपण अडगळीची जागा समजतो, इथे ती सुटकेची वाट असते. शेजाऱ्याच्या बाजूची पातळ भिंत आगीत फोडून जायची असते, जमिनीतलं झाकण खाली उतरायचं. तिथे खोकीही नकोत, सायकलही नको.

फर्निचर घेताना ते टाकायचं कसं हेही बघा. टोकियोच्या २३ वॉर्डांत साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू 'सोदाइ-गोमी' ठरते: आधी नोंदणी, मग शुल्काचं स्टिकर, मग ठरल्या दिवशी बाहेर. फ्रिज, धुलाई यंत्र, टीव्ही आणि एसी त्यात येत नाहीत, त्यांचा पुनर्वापराचा वेगळा खर्च पडतो. मार्च हा घरं बदलण्याचा महिना, तेव्हा नोंदणी आठवडे आधी करा.