ख्रिस्ती कीर्तन कसे उभे करावे: जक्कयाच्या आख्यानाच्या आधारे

नाताळ, उपवासकाळ किंवा चर्चचा वर्धापनदिन जवळ आला की मंडळीत कीर्तन ठेवण्याचा विचार निघतो आणि कीर्तनकार मिळत नाही म्हणून तो बहुधा तिथेच थांबतो. वास्तविक गळा बरा असलेले, पवित्र शास्त्राचे म्हणजे बायबलचे नियमित वाचन असलेले आणि महिनाभर मेहनत घेण्याची तयारी असलेले कोणीही पाळक, शिक्षक किंवा महिला मंडळातील भगिनी हे काम करू शकतात. ही वाट आपल्याकडे जुनी आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी ओवीत रचलेले क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, तरी ते पुराण हस्तलिखितांतून टिकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर भागात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची पद्धत ख्रिस्ती उपासनेत आणली, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी व भजनांनी मराठी मंडळीला स्वतःचा सूर दिला. अक्षरओळख नसलेल्या खेड्यांतील माणसांपर्यंत शुभवर्तमान पोहोचले त्यात या गाण्याचा वाटा फार मोठा आहे.

पहिले काम आख्यान, म्हणजे सांगायची कथा, निवडण्याचे. नवख्याने ख्रिस्ताचे संपूर्ण चरित्र एका रात्रीत सांगण्याचा मोह टाळावा आणि एकच प्रसंग घ्यावा. लूककृत शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातील जक्कयाची गोष्ट मला यासाठी सर्वांत योग्य वाटते, कारण ती अवघ्या दहा वचनांची आहे, तिच्यात गर्दी आहे, झाड आहे, संवाद आहे आणि शेवटी पैशाचा रोख हिशेब आहे. यरीहो शहराचा श्रीमंत जकातदार जक्कय येशूला पाहण्यासाठी झाडावर चढतो, येशू त्याच्या घरी उतरतो, लोक कुरकुरतात आणि जक्कयाचे मन पालटते, अशी ती गोष्ट आहे. तो भाग रोज एकदा मोठ्याने वाचावा. आठवड्याभरात तो पाठ होतो आणि मग निरूपण करताना हातातल्या कागदाकडे पाहावे लागत नाही.

नारदीय पद्धतीप्रमाणे कीर्तनाचे पूर्वरंग (विषयाचे निरूपण) आणि उत्तररंग (त्यावरचे आख्यान) असे दोन भाग करावेत. नमन, प्रार्थना आणि मंडळीसह एक भजन झाले की मूळ पद, म्हणजे ज्यावर निरूपण करायचे ते पद, घ्यावे. हरवलेल्यांना शोधण्यासाठी मनुष्याचा पुत्र (म्हणजे येशू) आला, हे दहावे वचन येथे मूळ पदाचा विषय होईल. त्यावर पाऊण तास बोलू नये. पंचवीस मिनिटे पुरतात. शोधणारा कोण, हरवलेला कोण आणि हरवलेल्याला आपण हरवलो आहोत हे कळते का, एवढे तीन प्रश्न उलगडले की पूर्वरंग भरतो. मग एक भजन घेऊन श्रोत्यांना सैल होऊ द्यावे, आणि त्याच वेळी तबला पुन्हा पेटीच्या सुरात लावून घ्यावा.

उत्तररंगात खरी परीक्षा असते. कटाव, साकी, दिंडी आणि अभंग हे पद्यप्रकार येथे कामी येतात. यरीहोतली गर्दी कटावात सांगावी, वर्णनाला साकी घ्यावी, करुण जागी दिंडी घ्यावी आणि जक्कयाच्या मनाचा पालट अभंगात गावा. रचना स्वतः करावी, कारण साधी असली तरी आपल्या मंडळीच्या तोंडची भाषा तिच्यात येते. मोठ्या अभंगाला पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळवावे लागते. उदाहरणार्थ:

ठेंगणा जक्कय । उंबरी चढला ।
मान विसरला । आपुलाचि ॥

या ओळीतले शेवटचे दोन चरण फार महत्त्वाचे आहेत. शहरातला मुख्य जकातदार, श्रीमंत, सत्तेशी जोडलेला माणूस भर रस्त्यात धावतो आणि पोरासारखा झाडावर चढतो. निरूपणकाराने येथे थांबून हे चित्र श्रोत्यांसमोर नीट उभे करावे. त्या काळी रोमी सत्तेसाठी वसुली करणारे ठरल्यापेक्षा अधिक उकळत, म्हणूनच लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा देणारा योहान जकातदारांना ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका असे बजावतो. हा संदर्भ दिला नाही तर लोक येशूवर का कुरकुरले ते श्रोत्यांना कळत नाही.

पुढे जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे वचन देतो. बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात लुबाडलेल्या वस्तूबरोबर तिचा पाचवा हिस्सा अधिक द्यावा असे सांगितले आहे. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले तर मात्र निर्गम पुस्तकाच्या २२व्या अध्यायाप्रमाणे एकाची चार मेंढरे द्यावी लागत. जक्कय स्वतःला सौम्य नियम न लावता चोराचा नियम लावतो. आजकाल अनेक वक्ते क्षमेपाशीच आख्यान आवरतात. तसे करू नये. परतफेड वगळली तर या गोष्टीचा कणाच निघून जातो.

येथेच समाज आणि राजकारण कीर्तनात येते, आणि येथेच संयम हवा. लाच, बुडवलेली मजुरी, तलाठ्यापासून सावकारापर्यंत गरिबाची होणारी अडवणूक यांवर निर्भयपणे बोलावे. पण कोणत्याही पक्षाचे नाव घेऊ नये, मत कोणाला द्यावे हे सांगू नये आणि कोणी उमेदवार आला असल्यास त्याचा सत्कार कीर्तनात घुसवू नये. त्याचप्रमाणे गावातील हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध शेजारी ऐकायला बसलेले असतात. त्यांच्या श्रद्धेची टिंगल करून टाळ्या मिळवणे हे ख्रिस्ताच्या नावाला शोभत नाही.

साथीसाठी पेटी, तबला, झांज आणि चिपळ्या पुरेत. कीर्तनकाराची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधार सूर, आधी ठरवावी, कारण पुरुषाला काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) सोयीची असेल तर भगिनीला काळी चार किंवा पाच लागेल, आणि ऐनवेळी पट्टी बदलली की साथीदार गोंधळतात. पालुपद मंडळीने उचलावे म्हणून त्याची चाल आधीच्या रविवारी उपासनेनंतर शिकवून ठेवावी. ध्वनिवर्धकाचा आवाज मागच्या रांगेला शब्द कळतील इतकाच ठेवावा.

आख्यान संपल्यावर लगेच सूचना किंवा आभार सुरू करू नयेत. मूळ पद पुन्हा एकदा सर्वांनी गावे, मग प्रभूची प्रार्थना व्हावी आणि पाळकांनी आशीर्वचन द्यावे. घरी गेल्यावर त्याच रात्री प्रत्येक पदाची चाल, ताल, पट्टी आणि कोणत्या जागी श्रोते रमले, हे वहीत उतरवून ठेवावे. शेजारच्या मंडळीने हेच कीर्तन मागितले तर ती वही उपयोगी पडते.