प्रोटॉन किती अंगुळांचा? हिशेब मांडताना या चुका टाळा

भाचीने विज्ञान प्रदर्शनासाठी एक तक्ता केला होता: अणूच्या पोटातल्या लांब्या आपल्या जुन्या मापांत. अंगुळ, वीत, हात. कल्पना झकास, भागाकारही बरोबर, तरी निम्मे आकडे चुकलेले. एक अख्खी रविवारची दुपार दुरुस्तीत गेली.

सगळ्यात फसवा निघाला तो 'परमाणू' हा शब्द. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीच्या मापांची उतरंड परमाणूपासूनच सुरू होते. आठ परमाणू म्हणजे रथाच्या चाकाने उडवलेला एक कण, तसे आठ कण म्हणजे एक लीख, आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक जव, आठ जवांचं एक अंगुळ. आठाने पाचदा गुणा: एका अंगुळात ३२,७६८ परमाणू. अंगुळ १९ मिमी धरलं तर हा परमाणू सुमारे ५८० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) भरतो, पिवळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा! आज आपण ज्याला अणू म्हणतो तो ०.१ नॅनोमीटरच्या आसपासचा. कौटिल्याच्या एका परमाणूवर असे पाच-सहा हजार अणू ओळीने मांडता येतील. त्यात भाचीने माहिती हिंदीतून उचललेली. हिंदीत 'परमाणु' म्हणजे आपला अणू, आणि त्यांचा 'अणु' म्हणजे आपला रेणू. एकाच तक्त्यात तिन्ही अर्थ नांदत होते.

दुसरी भानगड जवाची. इंग्लंडच्या जुन्या मापांतही जव आहे, पण तिथे तीन दाणे टोकाला टोक लावून एक इंच होतो. एक दाणा साधारण साडेआठ मिमी. आपल्याकडे दाणे आडवे, पोटाला पोट लावून मोजतात, म्हणून तर अर्थशास्त्रात 'यवमध्य', आणि भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात 'यवोदर'. इंग्रजी कोष्टकातला जव आपल्या अंगुळाच्या सूत्रात घातलात, की अंगुळ जवळजवळ सात सेंटिमीटरचं होतं. तेवढं रुंद बोट असलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. पूजेच्या सामानातले जव होते घरात, आठ दाणे ओळीत लावून पाहिले: २३ मिमी. बोटाशी बरोबर जुळत नाही, पण निदान त्याच गल्लीत आहे.

मग बोटच मोजलं. अर्थशास्त्रातली दुसरी व्याख्या मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या भागाची रुंदी अशी आहे. व्हर्निअर कॅलिपरवर माझं बोट १९ मिमी, भाओजींचं १७. दहा टक्के फरक एका सोफ्यावर! आणि तक्त्यात प्रोटॉनचा व्यास अंगुळात नऊ सार्थ अंकांपर्यंत. कॅल्क्युलेटरने दिले म्हणून सगळे आकडे उतरवायचे नसतात. प्रोटॉनची त्रिज्या ०.८८ फेमटोमीटर (फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख-कोटीवा भाग) की ०.८४, यावर २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधल्या म्युऑन-हायड्रोजनच्या (इलेक्ट्रॉनच्या जागी त्याचा जड भाऊ म्युऑन बसवलेला हायड्रोजन) मोजणीपासून भौतिकशास्त्रज्ञ काही वर्षं भांडले, तो फरक चार टक्क्यांचा. आपल्या बोटाचा त्याहून मोठा. अंगुळात उत्तर देताना दोन सार्थ अंक पुरे, आणि अंगुळ किती मिमीचं धरलं ते शेजारी लिहाच.

ओघात आलंच आहे तर त्रिज्या आणि व्यास यांची गल्लतही बघून घ्या. पुस्तकं बहुधा त्रिज्या देतात, आपण 'प्रोटॉन केवढा' विचारतो तेव्हा मनात व्यास असतो. आज मान्य असलेली त्रिज्या ०.८४, म्हणून व्यास १.६८ फेमटोमीटर. इलेक्ट्रॉनच्या रकान्यात २.८२ फेमटोमीटर दिसलं तर थांबा: ती 'अभिजात त्रिज्या' सूत्रातून येते, मोजलेला आकार नव्हे. नाहीतर इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा जाडा ठरतो. आणि 'बार्न' हे क्षेत्रफळाचं एकक आहे, १०० चौरस फेमटोमीटर. त्याला अंगुळाने नाही, अंगुळाच्या वर्गाने भागायचं.

स्प्रेडशीटमध्ये उत्तर ०.०० दिसत असेल तर सूत्र चुकलेलं नाही, रकाना फक्त दोनच स्थळं दाखवतोय. तो घातांकी पद्धतीवर टाका. मी तर म्हणतो, प्रश्नच उलटा करा. एक प्रोटॉन किती अंगुळ, यापेक्षा एका अंगुळात किती प्रोटॉन, हे डोळ्यांपुढे येतं.

पण मग मोठ्या संख्यांची नावं सांभाळा. लीलावतीतल्या क्रमात अब्जानंतर खर्व म्हणजे १ वर १० शून्यं. हिंदीतला 'खरब' मात्र १ वर ११ शून्यं. उच्चार सारखा, पदरात दहापट चूक. लाख कोटी म्हणालात तर कोणाचाच घोटाळा होत नाही.

तक्त्याची पहिली ओळ आता अशी आहे: 'एका अंगुळात ओळीने सुमारे ११ लाख कोटी प्रोटॉन.' खाली कंसात भाचीने बारीक अक्षरात लिहिलंय: 'अंगुळ मामाचं, १९ मिमी. बाबांचं घेतलं तर १० लाख कोटी.'